खांब नाक्यावर सगळं नॉर्मल

पनवेलहून खांबला पोचायला किती वेळ लागतो, असं इथं कुणालाही विचारा. उत्तराआधी उलटा प्रश्न येतो : "नॉर्मल सांगू, की गणपतीतला?"

खांब म्हणजे मुंबई-गोवा महामार्गावर नागोठणं मागं पडलं आणि कोलाड अजून आलं नाही, की मधे लागतं ते गाव. तालुका रोहा, जिल्हा रायगड. कोकणात ये-जा करणाऱ्या लाखो लोकांच्या डोळ्यांसमोरून हे गाव गेलेलं आहे, आणि त्यातल्या फारच थोड्यांना ते आठवतं. गाडी चालू असेल तर इथं डोळा लागलेला असतो. थांबलेली असेल तर सगळं लक्ष शिव्या देण्यात असतं. अशा गावाला एक फायदा मिळतो. बाकीच्या जगाला नॉर्मल काय वाटतं, हे त्याला ओटीवर बसून फुकटात बघता येतं.

नॉर्मल म्हणजे नेमकं काय, यावर तत्त्वज्ञांनी आणि मानसशास्त्रज्ञांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. त्यांच्यापैकी कुणी नाक्यावर मिनिडोरची वाट बघत उभा राहिला असता, तर निम्मी शाई वाचली असती. कागदावर सीटा सहा. बसतात किती, ते मोजू नये. नववा आला की आठवा न सांगता सरकतो, दहावा आला की ड्रायव्हर स्वतः अर्धा बाहेर लटकतो. सहाच माणसं घेऊन निघालेली मिनिडोर दिसली, तर लोक काळजीनं विचारतात, "काय रे, गाडी बिघडली काय?" परवान्यात लिहिलंय ते विचित्र आणि परवान्याबाहेरचं ते नॉर्मल, एवढं एका नाक्यावर कळतं.

आता रस्त्याकडे वळू. पळस्पे ते इंदापूर, 84 किलोमीटरचा टप्पा. खांब या टप्प्यातच येतं. चौपदरीकरणाचं काम 2011 साली सुरू झालं, 2014 मध्ये संपायचं होतं. त्या सुमारास महामार्गाचा नंबर 17 चा 66 झाला. तेवढं काम मात्र चोख झालं. बाकी न्यायालयात याचिका झाल्या, मुदती झाल्या, मुदतींच्या मुदती झाल्या. एप्रिल 2025 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी सांगितलं, जूनपर्यंत महामार्ग पूर्ण होईल. त्यांच्या प्रामाणिकपणावर शंका घ्यायचं कारण नाही. कोकणात दरवर्षी जून येतो, आणि येताना पाऊस घेऊन येतो, एवढीच अडचण.

आता काही पट्टे सिमेंटचे झालेत, खोटं कशाला बोला. गाडी इतकी गुळगुळीत पळते की माणूस घाबरतो. पण पूल आला की 'वळण रस्ता' आलाच. त्या पाटीचा रंग उडून गेला, ती बदलून नवी लावली, नवीचाही उडाला. जे पोर 2011 साली पहिलीत गेलं, ते आज मतदार आहे, त्याच्या खिशात लायसन्स आहे. त्याच्या लेखी ती पाटी वडाच्या झाडासारखी, आधीपासून आहे आणि नंतरही असणार. त्याच्या बापाची तक्रार आहे, त्याची नाही. तक्रार करायला आधीचं काहीतरी आठवावं लागतं.

गंमत अशी, की याच तालुक्यातून कोकण रेल्वे सुरू होते. रोहा हे तिचं उत्तरेकडचं टोक. 1990 साली महामंडळ स्थापन झालं आणि 26 जानेवारी 1998 ला अख्खा मार्ग देशाला अर्पण झाला. सुमारे 740 किलोमीटर, नव्वदच्या वर बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल. सह्याद्रीची हाडं फोडायला आठ वर्षं पुरली. नागोठण्याहून कोलाडला जाणाऱ्या बऱ्यापैकी सपाट रस्त्याला त्याच्या जवळजवळ दुप्पट वर्षंही पुरेनात. पण खरी मौज पुढे आहे. कोकण रेल्वेवर पुस्तकं निघाली, व्याख्यानं झाली, ती उभारणाऱ्या ई. श्रीधरन यांचं नाव देशभर गेलं. काम खरोखर पुरं झालं, तर आपण त्या माणसाचा सत्कार करतो. सत्कार नेहमीच्या गोष्टीचा कुणी करत नाही.

दरवर्षी श्रावण लागला की रस्त्याला अचानक महत्त्व येतं. मंत्र्यांचे पाहणी दौरे सुरू होतात. गणपतीपूर्वी खड्डे बुजलेच पाहिजेत, असा आदेश सुटतो. अवजड वाहनांना बंदी होते, टोलमाफीचे पास निघतात, जागोजागी पोलिसांचे तंबू आणि चहाची सोय. 2025 च्या गणपतीला एसटीनं पाच हजार जादा गाड्या जाहीर केल्या होत्या. चांगलं आहे, हे सगळं व्हायलाच हवं. अनंत चतुर्दशी झाली की खडी उखडायला लागते आणि पोलिसांचे तंबू उठतात. गरज सरो, वैद्य मरो.

हे मुंबईकरांवर जळणं नव्हे. तो चाकरमानी इथल्याच एखाद्या घरातला असतो, ओटीवर त्याचा पाट मांडलेला असतो. पण खांबचा माणूस हा रस्ता बारा महिने वापरतो. कुणी नागोठण्याला कामावर जातो, कुणी कोलाडच्या बाजारात, कुणी रोह्याला तहसीलदाराकडे दाखल्यासाठी. पोटात दुखायला लागलेल्या म्हाताऱ्याला अलिबागच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं तर तो भाद्रपद येईपर्यंत थांबत नाही. दहा दिवसांचे हाल ही बातमी होते, कारण ते नेहमीचे नाहीत. बारा महिन्यांच्या हालांना कॅमेरा लागत नाही. रोज मरे त्याला कोण रडे.

इथं थोडं सरासरीचं गणित सांगतो, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद गाठा. नाही, त्यातही तेच आहे.

भारतीय हवामान खात्याच्या भाषेत नॉर्मल म्हणजे दीर्घकालीन सरासरी. पन्नास वर्षांचा पाऊस घ्यायचा, सरासरी काढायची, तो झाला नॉर्मल पाऊस. देशासाठी त्याच्या चार टक्के वर-खाली चालतं. मधल्या काळात ही सरासरी काय झाली बघा. 1951 ते 2000 च्या हिशेबानं देशाचा मोसमी पाऊस 89 सेंटीमीटर होता. 1961 ते 2010 धरले तर 88 झाला. आता 1971 ते 2020 धरतात, तर 87. म्हणजे पूर्वी जो पाऊस जेमतेम कमी ठरला असता, तो आज जेमतेम नॉर्मल ठरू शकतो. कुणी लबाडी केलेली नाही. शास्त्रज्ञांना कुठलीतरी पन्नास वर्षं धरावीच लागतात. पण पाऊस खाली आला, की काही वर्षांनी त्याच्यासाठी पट्टीही खाली येते. हाच नियम रस्त्याला लावा. गेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या प्रवासाच्या वेळा घ्या, सरासरी काढा, आणि खांबपर्यंतचे चार तास हे नॉर्मलच निघतील. आणखी दहा वर्षं असंच चाललं, तर तीन तासांत पोचलेल्याला आपण म्हणू, आज रस्ता काय झकास होता!

जिल्ह्यासाठी तर मोकळीक आणखी मोठी. उणे 19 टक्क्यांपासून अधिक 19 टक्क्यांपर्यंत सगळा नॉर्मल. रायगडात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याचे 19 टक्के म्हणजे पावणेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. सोलापूरकडच्या कित्येक गावांचं अख्ख्या पावसाळ्याचं पाणी आमच्याकडे 'जवळजवळ सरासरीइतकं' या शब्दांत मावतं.

आणि एक गोष्ट थट्टा बाजूला ठेवून सांगायची आहे. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या तळियेवर दरड कोसळली. ऐंशीहून जास्त माणसं गेली. महाड शहर पाण्याखाली होतं. त्या वर्षीचा देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या 99 टक्के भरला. सरकारी नोंदीत 2021 चा पावसाळा नॉर्मल आहे.

डॉक्टरांकडेही हाच खेळ चालतो, फक्त तिथं पट्टी खाली सरकली की परिणाम उलटा होतो. नोव्हेंबर 2017 मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या दोन मोठ्या संस्थांनी जाहीर केलं, की उच्च रक्तदाब आता 140/90 पासून नव्हे, 130/80 पासून धरायचा. आदल्या रात्री अमेरिकेतले 32 टक्के प्रौढ रक्तदाबाचे रुग्ण होते, दुसऱ्या दिवशी 46 टक्के झाले. कुणाच्या रक्तात थेंबभर फरक पडला नव्हता. हा निर्णय कदाचित योग्यही असेल, मी डॉक्टर नाही. पण तपासणीचा कागद हातात आल्यावर आपण आकडा कुठे वाचतो? आधी उजवीकडचा 'नॉर्मल रेंज'चा रकाना बघतो, मग ठरवतो आजारी पडायचं की नाही.

आमच्याकडे तर माणूस जन्मायच्या आत नॉर्मल-अॅबनॉर्मल सुरू होतं. दवाखान्यातून फोन आला की पलीकडून पहिला प्रश्न, "नॉर्मल की सिझर?" मुलगा की मुलगी, बाळ-बाळंतीण कशी आहे, हे नंतर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019 ते 21 मध्ये, देशातली 21.5 टक्के बाळंतपणं शस्त्रक्रियेनं झालेली दिसली. खाजगी रुग्णालयांत हाच आकडा 47.4. खाजगीत नॉर्मल आता निम्म्याला टेकलं आहे, पण नाव कायम आहे. उद्या ते चाळीसवर आलं तरी लोक नॉर्मलच म्हणतील. आणि ज्या बाईचं पोट फाडून मूल काढलं, तिला सासरची म्हातारी बारशापर्यंत ऐकवत राहील, "आमच्या वेळी नव्हती बाई ही थेरं."

कुंडलिका नदीची गोष्ट मात्र जरा निवांत सांगण्यासारखी आहे.

वैशाखात कोकणातली नदी म्हणजे दगडगोटे आणि मधेमधे डबकी. कुंडलिका तशी नाही. ती भर उन्हाळ्यातही सकाळी फुगते, आणि त्या फुगलेल्या पाण्यावर कोलाडला राफ्टिंग चालतं. हेल्मेट घातलेली, केशरी जॅकेटातली शहरातली पोरं आरडाओरडा करत जातात आणि खाली उतरून म्हणतात, काय नॅचरल फ्लो आहे! त्यांना कुणी सांगत नाही, सांगावं असंही कुणाला वाटत नाही, की हे पाणी मुळात या नदीचं नाही. ते मुळेचं आहे. सरळ गेलं असतं तर भीमेतून कृष्णेत आणि तिथून बंगालच्या उपसागराला मिळालं असतं. मुळशीला टाटांनी धरण बांधून ते अडवलं, सह्याद्री फोडून पश्चिमेला वळवलं आणि भिऱ्याच्या वीजघरावर सोडलं. ज्यांच्या जमिनी बुडणार होत्या त्या मावळ्यांनी 1921 मध्ये सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी. जमिनी बुडाल्याच. 1927 पासून भिऱ्याला वीज तयार होते आहे. टर्बाइन फिरवून झालेलं पाणी पुढे कुंडलिकेत येतं, आणि डोलवहालच्या बंधाऱ्यातून कालव्यांनाही जातं.

म्हणजे मुंबईत विजेची मागणी वाढली की इकडे नदी भरते. तिकडे कुणीतरी एसी लावतो आणि रोहा तालुक्यात पूर येतो, छोटासा, सुरक्षित, तिकीट काढून बघण्यासारखा. मुंबईची मागणी उतरली की नदीचा श्वासही उतरतो. शंभर वर्षांत या काठाच्या पाच पिढ्यांनी नदी अशीच पाहिली. त्यांच्या हिशेबात नदी सकाळी भरते, हा निसर्गनियम आहे. उद्या तिनं वैशाखात आटायचं ठरवलं, म्हणजे खरोखर नदीसारखं वागायचं ठरवलं, तर पहिला मोर्चा निघेल की नदीला काय झालं?

याच भिऱ्यात 28 मार्च 2017 ला 46.5 अंश तापमान नोंदलं गेलं. देशभर बातमी झाली. विदर्भाला मागे टाकून कोकणातलं एक खेडं देशात पहिलं आलं होतं. कोकणाला उन्हाचा नंबर मिळाला, हे पाहून चंद्रपूरवाल्यांना बरंच वाईट वाटलं असणार. उष्णतेची लाट ठरवायचा एक मुख्य निकष म्हणजे नॉर्मलपेक्षा साडेचार अंश जास्त. आणि ते नॉर्मल, वर सांगितलं तसंच, दर दहा वर्षांनी नवं काढतात. उन्हाळे असेच तापत राहिले, तर या निकषानं एक दिवस उष्णतेची लाट बंद होईल. ऊन तसंच राहील, फक्त त्याला लाट म्हणणार नाहीत.

पेणची मंडळी वाचत असतील आणि म्हणत असतील, आमचं काय? पेणमध्ये, हमरापूर-जोह्याकडे, गणपती दहा दिवसांचा नसतो. एका वर्षीचं विसर्जन झालं की पुढच्या वर्षीची माती. नाही, चुकलं, पुढच्या वर्षीचं प्लास्टर. पेणची मूर्ती मूळची शाडूची. मग प्लास्टर ऑफ पॅरिस आलं : हलकं, लवकर सुकणारं, परगावी पाठवताना न तुटणारं. बघताबघता तेच नॉर्मल झालं आणि शाडूवाल्याला 'पारंपरिक' हे विशेषण मिळालं. हे विशेषण मिळालं, की तो धंदा आता पोट भरायच्या कामाचा राहिला नाही असं समजावं. पुढे मे 2020 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी आणली. 30 जानेवारी 2025 ला मुंबई उच्च न्यायालयानं ती कडक पाळा म्हणून बजावलं. 9 जूनला न्यायालयानं मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली, मात्र नैसर्गिक पाण्यात बुडवायला नाही. आता बघा : कारखाना तोच, साचे तेच, कारागीर तोच. त्याचं तेच काम माघात गुन्हा आणि ज्येष्ठात धंदा. प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, खाडी भरते, हे खरंच आहे, त्यात वाद नाही. पण मूर्तिकाराला मूर्ती आदल्या वर्षीच सुरू करावी लागते. नॉर्मल बदलणाऱ्यांनी तारखा काढताना मूर्ती वाळायला किती दिवस लागतात, हे एकदा त्याला विचारायला हरकत नव्हती.

शेवटी माणसांकडे येऊ. खांब काय, देवकान्हे काय, या बाजूच्या खेड्यांत नॉर्मल मुलगा कोणता, हे लग्नाच्या बाजारात स्वच्छ कळतं. मुंबई, ठाणे, पनवेल, फार तर नागोठण्याच्या कंपनीत कायम. ठाण्यात दहा बाय बारात सहा जण राहत असतील, चालेल. पहाटे साडेचारला उठून लोकलला लटकत असेल, फार छान. आठवड्यातून एकदा आईशी फोनवर बोलत असेल, संस्कारी आहे. पण गावातच राहतो, भात करतो, उन्हाळी भाजी लावतो, आईबापाला दवाखान्यात नेतो, संध्याकाळी भजनाला बसतो, थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी लावून मित्रांना बोलावतो, असा मुलगा असेल, तर स्थळ बघायला आलेले लोक चहा पिता पिता गप्प होतात. घर बघतात, गोठा बघतात, मुलगा धडधाकट आहे हेही बघतात. मग मुलीचा मामा यजमानांना हळूच बाजूला घेतो आणि आवाज खाली आणून विचारतो,

"सगळं बरंय हो. पण मुलगा इथंच कसा राहिला? काही झालं होतं काय त्याला?"